आठ, बत्तीस की चौसष्ट? कारखान्याच्या ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरला रॅम किती घ्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. ऑफिसातला कॉम्प्युटर दहा-अकरा वर्षांचा, त्यात ४ + ४ अशी ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. आता नवा डेस्कटॉप घ्यायचाय. दुकानदार म्हणतो ३२ टाका, मेव्हणे म्हणतात ८ बास झाली, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा ६४ वर अडून बसलाय. रोजचं काम म्हणजे टॅली, एक्सेल, ई-वे बिल, जीएसटीचं पोर्टल, व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकांचे फोटो. महिन्यातून दोन-तीनदा पॅकिंग बॉक्सचं डिझाइन फोटोशॉप नाहीतर कोरल ड्रॉमध्ये उघडायचं. सुट्टीत मुलगा त्याच मशीनवर बसणार. आणि शेवटी विचारलंय, जुनी रॅम काढून नव्यात चालवता येईल का.

तिघांपैकी कुणी तुम्हाला फसवत नाहीये. प्रत्येक जण आपापल्या कामाचं उत्तर देतोय. मेव्हण्यांचं दोन विंडो उघडून भागत असेल. मुलाच्या डोळ्यापुढे एआयची मॉडेल्स आहेत. दुकानदाराला सहा महिन्यांनी ‘मशीन हँग होतंय’ असा फोन नकोय, आणि जास्त रॅम विकली तर दोन पैसे सुटतात हेही आहेच. तुमच्या कामाला माझं उत्तर: १६ जीबी, तीही १६ ची एकच स्टिक (म्हणजे रॅमची पट्टी), डीडीआर५ (रॅमची नवी पिढी), आणि मदरबोर्डवरचा दुसरा स्लॉट, म्हणजे पट्टी बसवायची खाच, मोकळा. हे उत्तर कुठे बदलेल तेही पुढे सांगतो, कारण एक-दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत आणि त्या तुम्हालाच मोजून बघाव्या लागतील.

आधी एक गैरसमज. रॅम वाढवली की कॉम्प्युटर फास्ट होतो, हे अर्धंच खरं. रॅम कमी पडत असेल तर वाढवल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पुरत असेल, तर वरची रॅम नुसती बसून राहते. १६ मध्ये जे काम आरामात मावतं ते ६४ मध्ये चौपट वेगाने होत नाही, तेवढ्याच वेगाने होतं. म्हणजे शोधायचं एवढंच की तुमच्या सगळ्यात गर्दीच्या वेळी किती लागते, आणि त्यावर थोडी मोकळीक किती ठेवायची.

कमी पडली की काय होतं? विंडोज आधी मेमरीतला मजकूर दाबून लहान करतं, तेवढ्याने भागलं नाही की जे वापरात नाही ते उचलून डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकतं. पुन्हा लागलं की तिथून आणतं. रॅममधून एखादी गोष्ट यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तो वेळ आपण एक सेकंद मानला, तर चांगल्या एसएसडीवरून (फिरती तबकडी नसलेली, चिपची डिस्क) तीच गोष्ट यायला पंधरा-वीस मिनिटं लागतील, आणि तुमच्या सध्याच्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एक दिवस आणि वर चार तास. टॅलीतून क्रोमवर गेलं की पडदा पांढरा पडतो, माउसच्या बाणाच्या जागी चक्र नुसतं गरगर फिरतं, कॅबिनेटवरचा लाल दिवा सतत पेटलेला राहतो, ते हेच.

त्यामुळे तुमच्या जुन्या मशीनच्या अनुभवावरून रॅमचा हिशेब लावू नका. तिथे दोष दोघांचा आहे, आणि मोठा वाटा हार्ड डिस्कचा आहे. नव्या मशीनला एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची, एसएसडी असणारच, तेव्हा निम्मी कटकट रॅमला हात न लावताच जाईल. कुणी बजेट बसवायला ‘३२ जीबी रॅम आणि एक टीबीची हार्ड डिस्क’ असं जोडून देत असेल तर ते सरळ नाकारा. १६ जीबी आणि ५०० जीबीची एसएसडी कधीही बरी.

आता मोजणी. जुन्या मशीनवरच करा, पण दिवस नीट निवडा. रविवारी सकाळी बसून मोजलं तर आकडा रविवारचाच येईल. जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं विवरण भरायची, तारीख ११. तिच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं उघडं असतं, त्या वेळी मोजा. टॅली, दोन-तीन एक्सेल, पोर्टल, ई-वे बिलाची टॅब, बँकेची टॅब, व्हॉट्सअॅप, पीडीएफ, आणि त्यातच कुणीतरी बॉक्सचं डिझाइन बघायला पाठवलेलं, ते फोटोशॉपमध्ये. सगळं तसंच चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, आणि त्यात मेमरी.

तिथे ‘इन यूज’ म्हणजे आत्ता प्रत्यक्ष भरलेली रॅम. ८ जीबीच्या मशीनवर ती सात-सव्वासातच्या पुढे सहसा दिसणार नाही, कारण जागाच तेवढी. लोक हा आकडा बघून म्हणतात, ‘बघा, ८ मध्ये मावतंय की!’ मावत नसतं, कोंबलेलं असतं. खरी गोम ‘कमिटेड’ मध्ये आहे. तिथे दोन आकडे असतात, समजा ११.६/१५.२. पहिला आकडा म्हणजे चालू प्रोग्रॅमना विंडोजने मिळून किती मेमरी कबूल केली आहे. दुसरा म्हणजे रॅम आणि पेज फाइल मिळून जास्तीत जास्त किती देता येईल. प्रोग्रॅम मागून ठेवतात तेवढी सगळी वापरतातच असं नाही, त्यामुळे ११.६ ही वरची मर्यादा समजा. तुमची खरी गरज ‘इन यूज’ आणि ‘कमिटेड’ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. कमिटेडचा सगळ्यात चढा आकडा घ्या, त्यात पाव भाग मिळवा, आणि त्याच्या वरचं जे माप बाजारात मिळतं ते घ्या. ११.६ ला पाव मिळवून १४.५ होतात, म्हणजे १६. हाच आकडा १३ च्या पुढे वरचेवर जात असेल, तर १६ काठोकाठ होते आणि ३२ चा विचार करायला हरकत नाही.

आणखी एक खूण. टास्क मॅनेजरमधूनच रिसोर्स मॉनिटर उघडता येतो. त्याच्या मेमरी टॅबमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’ चा, म्हणजे रॅममध्ये नसलेली गोष्ट डिस्कवरून किती वेळा आणावी लागली याचा, आलेख असतो. एखादा प्रोग्रॅम उघडताना तो उसळला तर सोडून द्या, ते होणारच. पण काही नवीन उघडत नसताना, नुसतं एका विंडोतून दुसऱ्या विंडोत जाताना दर वेळी उसळत असेल, तर रॅम कमी पडतेय हे नक्की.

मोजायला जमलं नाही तर अंदाजाने बेरीज मांडता येते. विंडोज ११ ची कागदोपत्री किमान गरज ४ जीबी आहे, पण तेवढ्यावर ते फक्त सुरू होतं. अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर धरून मशीन नुसतं सुरू केलं की साडेतीन ते साडेचार जीबी जातात. क्रोममध्ये पंधराएक टॅब असतील तर अडीच. व्हॉट्सअॅप अर्धा ते एक. टॅली बिचारी काही शे एमबीत भागवते. एक्सेल नेहमीच्या फायलींना दोन-तीनशे एमबी, पण तीन-चार वर्षांची सगळी बिलं एकाच शीटवर आणि प्रत्येक ओळीत व्ही-लुकअप असेल तर एक जीबीच्या वर. इथवर आठ-साडेआठ जीबी झाले. म्हणजे डिझाइनला हात लावायच्या आधीच मेव्हण्यांचं माप संपलं. त्यात कोरल ड्रॉ दीड जीबी, फोटोशॉप तीन-चार. बेरीज चौदाच्या आसपास.

शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, आणि ऑफिसला ते लागतही नाही, तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधला वाटा उचलतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ म्हणून दिसतो तो आकडा. मशीन आणि बायॉसच्या सेटिंगनुसार तो काही शे एमबीपासून दोन जीबीपर्यंत असू शकतो. ८ च्या मशीनला दोन गेले म्हणजे पाव गेला. म्हणून नव्या मशीनला ८ आता घेऊच नये, अगदी नुसती टॅली असली तरी.

डिझाइनच्या कामाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण टेक्स्टाइलवाल्यांचा गोंधळ इथेच होतो. ‘आमच्याकडे डिझाइनचं काम आहे’ एवढं ऐकलं की समोरचा ३२ किंवा ६४ सांगून मोकळा होतो. पण डिझाइन कसलं?

जॅकार्डचं डिझाइन असेल तर फाइल एवढीशी असते. तिथे एक चौकोन म्हणजे एक हुक (उभे धागे उचलणारा) आणि एक पिक (एक आडवा धागा). २,६८८ हुकांचं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड धरा. टॉवेल ६० इंच लांब, इंचाला ५० पिक धरले तर ३,००० पिक. २,६८८ गुणिले ३,००० म्हणजे साधारण ८१ लाख चौकोन. रंग मोजकेच, त्यामुळे एका चौकोनाला एक बाइट पुरतो. झाली पूर्ण टॉवेलची फाइल ८ एमबीची. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याहून जड असतो. विणकामाची मांडणी, वीव्ह भरणं, लूमला द्यायची फाइल बनवणं, या सगळ्याला १६ जीबी म्हणजे चैन आहे.

छपाईचं डिझाइन मात्र वेगळं प्रकरण. बॉक्सचं आर्टवर्क २० बाय ३० इंचाच्या शीटवर, ३०० डीपीआयला केलं, तर ६,००० गुणिले ९,००० म्हणजे ५ कोटी ४० लाख पिक्सेल. छपाईसाठी चार रंगांत, म्हणजे पिक्सेलला चार बाइट. एक पूर्ण भरलेला लेअर सुमारे २१६ एमबीचा. असे बारा लेअर असतील तर अडीच जीबीच्या वर, आणि अनडू करता यावं म्हणून फोटोशॉप मागच्या पायऱ्या साठवून ठेवतं ते वेगळंच. डिस्कवर हीच फाइल तीनशे एमबीची दिसेल, कारण तिथे ती दाबून ठेवलेली असते. उघडली की पसरते. फाइलचा आकार बघून रॅमचा अंदाज बांधणाऱ्यांची चूक होते ती इथे.

फोटोशॉपची अजून एक सवय माहीत असू द्या. त्याच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये उपलब्ध रॅमपैकी ७० टक्के वापरायची मुभा मुळातच दिलेली असते. १६ च्या मशीनवर म्हणजे दहाएक जीबी. मोठी फाइल उघडली की ते हळूहळू तेवढी जागा धरतं आणि काम संपलं तरी लगेच सोडत नाही. महिन्यातून दोन-तीनदा उघडायचं असेल तर इलाज फुकटातला आहे: काम झालं की फोटोशॉप पूर्ण बंद करा, आणि ती मुभा ६० टक्क्यांवर आणा. रोज एक माणूस दिवसभर त्यावर बसणार असेल, चादरींचा, टॉवेलांचा कॅटलॉग ऑफिसातच बनणार असेल, तर १६ वर अडून बसू नका, ३२ घ्या. तुमच्या प्रश्नातला हा एक तपशील बदलला की माझं उत्तर बदलतं.

आता चिरंजीव. सी, जावा, पायथॉन, कॉलेजची प्रॅक्टिकल्स, याला १६ भरपूर. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायचा तर १६ ही किमान पातळी. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चालवणार असेल तर प्रत्येकाला ४ ते ८ जीबी वेगळे काढून द्यावे लागतात. दोन लिनक्स मशीन एकदम चालवायची म्हटली की ३२ लागते. ६४ चं कारण त्याने एआय सांगितलं असेल, तर त्याच्याशी हा हिशेब करून बघा. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत दाबलं तरी प्रत्येक पॅरामीटरला अर्धा बाइट, म्हणजे ३५ जीबी. ६४ मध्ये ते मावतं, हे त्याचं म्हणणं बरोबर. पण एकेक शब्दतुकडा काढताना ते सगळे ३५ जीबी रॅममधून प्रोसेसरपर्यंत वाचावे लागतात. डीडीआर५-५६०० च्या दोन स्टिक मिळून सेकंदाला कागदावर ८९.६ जीबी वाहू शकतात. भागाकार केला तर सेकंदाला जेमतेम अडीच तुकडे, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. उत्तर येईपर्यंत सात रस्त्याला जाऊन चहा पिऊन यावं. ७-८ अब्जांची छोटी मॉडेल्स चार-पाच जीबीत बसतात, ती १६ वरही चालतात. वेग हवा असेल तर पैसे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत घालावे लागतात, मदरबोर्डवरच्या रॅममध्ये नाही. तो खर्च कारखान्याच्या मशीनवर करायचा का, हा तुम्हा दोघांचा घरगुती प्रश्न.

१६ ठरली तर ८ च्या दोन घ्यायच्या की १६ ची एक? पुस्तकी उत्तर ‘दोन’ असं आहे, कारण दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनेल चालतं आणि वाहतूक दुप्पट होते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याने दोनच घ्याव्यात, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. तुमच्या कामात तो जाणवणार नाही. डीडीआर५-५६०० ची एकटी स्टिक सेकंदाला ४४.८ जीबी देते. जुन्या डीडीआर४-३२०० च्या दोन मिळून ५१.२ देत होत्या. म्हणजे फारसं कमी नाही. उलट स्वस्त मदरबोर्डवर, उदाहरणार्थ इंटेलच्या एच६१० वर, स्लॉटच दोन असतात. ८ + ८ घातल्या की दोन्ही भरले. उद्या ३२ करायची झाली तर दोन्ही काढून भंगारात. १६ ची एक असेल तर फक्त दुसरी आणून बसवायची.

चार स्लॉटांचा बोर्ड घेऊन ‘पुढे चारही भरू’ हा विचारही डीडीआर५ ला फारसा करू नका. चार स्टिक बसवल्या की वेग खाली आणावा लागतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेला दोन स्टिकवर ५२०० चा अधिकृत वेग आहे, चार स्टिकवर ३६०० चा. चालतं, पण ज्यासाठी महागडी रॅम घेतली तेच जातं.

पुढे दुसरी स्टिक जोडायची आहे, म्हणून पहिली घेतानाच साधी घ्या. आरजीबी दिवेवाली, एक्सएमपीवर (नेहमीपेक्षा चढ्या वेगाचं सेटिंग) ६०००-६४०० धावणारी गेमिंगची नको. त्या जोडीने तपासून विकलेल्या असतात. वर्षभराने त्याच नावाची दुसरी आणली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, आणि दोघी चढ्या वेगावर नांदत नाहीत. मग आठवड्यातून एकदा निळा पडदा, आणि दोष विंडोजला. साधी ५६०० ची, ठरलेल्या मापाची स्टिक दुसऱ्या कंपनीच्या साध्या स्टिकबरोबरही बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने चालते. दोघींपैकी जी हळू, तिच्या वेगाने.

जुनी रॅम नव्यात चालेल का? नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वीचं मशीन म्हणजे ती बहुधा डीडीआर३ आहे. पिनांची संख्या वेगळी, खाचेची जागा वेगळी, व्होल्टेज दीडचं. डीडीआर५ चं १.१ आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना २८८ पिना असल्या तरी खाच सरकलेली असते, त्याही एकमेकींच्या जागी बसत नाहीत. कुणी जोर लावून बसवायला गेलं तर स्लॉट तुटतो. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीत काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे येतात. दुकानदार स्वस्त पडतं म्हणून डीडीआर४ चा बोर्ड देऊ शकतो. अगदीच वाईट नाही, पण कोटेशनवर ‘१६ जीबी रॅम’ एवढंच लिहू देऊ नका. प्रकार, वेग आणि ‘एक स्टिक’ असं तिन्ही लिहून घ्या. ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसणारी १६-३२ ची स्टिक बऱ्याचदा सर्व्हरची, रजिस्टर्ड प्रकारची असते. साध्या बोर्डवर ती सुरूच होत नाही.

भावाचं लिहीत नाही, कारण ते हलतंय. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढली, चिप बनवणाऱ्यांनी माल तिकडे वळवला, आणि साध्या रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम स्वस्त होती तेव्हा ‘असू दे जास्तीची’ म्हणून ३२ घेणं परवडायचं. अशा भावात न लागणाऱ्या १६ जीबीचे पैसे अडकवण्यापेक्षा स्लॉट मोकळा ठेवणं शहाणपणाचं. नवी पेठेत दोन दुकानं फिरा, पण कोटेशन त्याच दिवसाचं समजा. बिल फर्मच्या जीएसटी नंबरवर घ्या, म्हणजे क्रेडिट घेता येईल, आणि बिलावर स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्या. रॅमची वॉरंटी लांबलचक असते, पण सीरियल नंबर नसला तर ती नुसती बोलण्यापुरती.

मशीन ताब्यात घेताना दुकानातच पाच मिनिटं द्या. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर एकूण १६, वेग ५६०० (किंवा बोर्ड आणि प्रोसेसर जेवढा देतात तेवढा), आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ मध्ये दोनपैकी एक, हे बघा. दोनपैकी दोन दिसलं तर ८ च्या दोन घातल्यात. तिथल्या तिथे बोला. घरी किंवा ऑफिसात आणल्यावर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ एक रात्र चालवा. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. एकही लाल ओळ आली तर स्टिक बदलून घ्यायची, ‘एकच एरर आहे’ म्हणून चालवून घ्यायची नाही. ती एक चूक ज्या दिवशी टॅलीच्या डेटावर पडेल त्या दिवशी महाग पडते.

पुढे दुसरी स्टिक स्वतः बसवणार असाल तर: मशीन बंद, वायर काढलेली, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज उतरवलेली, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावलेला. तुमच्याकडे सूत उडतं. कारखान्याच्या आवारातल्या ऑफिसात वर्षभरात त्या मोकळ्या स्लॉटमध्ये कापसाची तूस बसलेली असणार. आधी कोरड्या मऊ ब्रशने आणि हातातल्या ब्लोअरने ती काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून खराब होतो. मग खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब. क्लिप ‘टक्’ करून बसली पाहिजे. सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. डीडीआर५ चे बोर्ड पहिल्यांदा नवी रॅम ओळखून तिची जुळणी करतात, त्याला वेळ लागतो. याच वेळी घाबरून बटण दाबणारे बरेच. चहा होईपर्यंत थांबा. तरीही काहीच नाही आणि बोर्डवरचा ‘डीरॅम’ चा दिवा पेटलेला असेल, तर स्टिक नीट बसलेली नाही. काढून सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवा. खोडरबर घासायची जुनी पद्धत चालते, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका.

उन्हाळ्याबद्दल एक. रॅमच्या चिपला ८५ अंशांपर्यंत साधं चालतं, त्याच्या वर गेली की तिला दुप्पट वेळा स्वतःला ताजं करत बसावं लागतं. साध्या स्टिक एवढ्या तापत नाहीत. पण एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३ अंश, ऑफिसात एसी बंद, आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर तुसाचा नमदा चढलेला, असं झालं की आतली हवा हलतच नाही. तेव्हा जाळी महिन्यातून एकदा साफ करा. तो खर्च शून्य आणि फायदा कुठल्याही वाढीव रॅमपेक्षा जास्त.

मुलाला पुढे वेगळा लॅपटॉप घेऊन देणार असाल तर मात्र वरचा स्लॉटचा सल्ला उलटा करा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाखलेली असते, पुढे वाढवता येत नाही. तिथे पहिल्या दिवशीच जी लागेल ती घ्यायची: १६ किमान, आणि व्हर्च्युअल मशीनचं काम असेल तर ३२. ‘रॅम अपग्रेडेबल आहे’ असं तोंडी ऐकून घेऊ नका, मॉडेलच्या माहितीपत्रकात स्लॉट किती ते बघा.

जुनं मशीन फेकू नका. त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बँक आणि जीएसटीचं काम त्यावरून बंद करा. त्यात एक छोटी साटा एसएसडी बसवा, इंटरनेटची वायर काढा, आणि जॅकार्डची डिझाइन उघडायला, लूमची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायला शेडमध्ये ठेवा. वर हिशेब केलेली ८ एमबीची फाइल उघडायला त्यातली ४ + ४ डीडीआर३ अजून बरीच वर्षं पुरेल. पेन ड्राइव्ह तेवढा दर वेळी नव्या मशीनवर स्कॅन करून घ्या.